पाटी : आहे / नाही

साडेआठला पहिला पाळणा टेकडी चढायला लागतो.
लाकडी डबा, लोखंडी दोर, आत आम्ही सात जण
आणि एक कुत्रा, तो रोज फुकटच येतो.
माझ्या बगलेत नगरपालिकेचे छत्तीस कोरे अर्ज:
घराचं वय, छपराचा प्रकार, मूळ दारं किती,
कोरीव काम असल्यास.
खाली वाल्पाराइसोच्या बंदरात क्रेन माना हलवताहेत,
हो म्हणताहेत की नाही, इतक्या वरून कळत नाही.

इथे रस्त्यांपेक्षा जिने जास्त.
घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन समुद्र बघतात.
भिंतींना नळीदार पत्रा, पत्र्याला रंग
बोटीला लावून उरलेला,
ज्याच्या आजोबाच्या हाती जो डबा लागला तो.
म्हणून ओलिवारेसांचं घर अर्धं निळं
आणि अर्धं गंज लपवायचं तांबडं.
पाहुणे नेमका त्याचाच फोटो काढतात.

दोन्या ओर्मेसिंदा दार किलकिलं करते.
"वारसा? लिहू नकोस बाई.
शेजारणीचं घर वारसा झालं,
आता खिडकीची काच बदलायला तिला तीन सह्या लागतात.
वारा सह्यांसाठी थांबतो होय?"
मग आत घेते, चहा टाकते,
आणि मला भिंतीला कान लावायला सांगते.
वाळवी. लांब कुठेतरी दाणे भाजावेत तशी बारीक तडतड.
आवाजाला अर्जात रकाना नाही.
मी लिहिते, मूळ लाकूड: होय.

दुपारपर्यंत अकरा घरं.
त्यातलं एक हॉटेल झालंय, नाव 'धोबीण'.
अंगणातली दगडी डोणी धुऊनपुसून ठेवलीय, तिच्यात निवडुंग.
एका रात्रीचं भाडं ऐकलं
आणि माझ्या आईचे हात आठवले, कोपरापर्यंत.

एक जळलेलं.
चार खांब, मधोमध उगवलेलं अंजीर,
आणि जिन्याच्या सहा पायऱ्या, पुढे नुसतं आभाळ.
सहावीवर एक मुलगा गणितं सोडवत बसलाय.
कुठे राहतोस, विचारलं,
तर म्हणाला, "सध्या वरच्या मजल्यावर."

मग ती चाळ. बावीस खोल्या, एक नळ,
दर दोन खोल्यांत एक भांडण, तेही वाटून घेतलेलं.
तळमजल्यावर एउलोहिओ कात्रिलेओ,
चाळीस वर्षं गोदीत पोती वाहिलेला.
खांदे अजून ओझ्याखाली असल्यासारखे.
"पाटी असलेल्या घरातून कुणाला काढत नाहीत ना?"
मी म्हटलं, तसा नियम नाही, पण सहसा नाही काढत.
"मग माझी लिहून घे."

दारावर तेलाच्या डब्याचं झाकण.
खिळ्याने ठोकून ठोकून उठवलेली अक्षरं:
*या खोलीत ए. कात्रिलेओ
१९६८ पासून राहतो.
भाडं वेळेवर.*
खाली आणखी एक ओळ, नंतर कोरलेली, जरा तिरकी:
*१९७३चा ऑक्टोबर सोडून.*

"तेव्हा काय झालं होतं?"
"बोटीवर होतो."
"कामाला?"
"नाही."
तो नळाकडे बघत राहिला.
कुणीतरी बादली लावून विसरून गेलं होतं,
पाणी वरून वाहत होतं,
एरवी इथे त्यावरून आरडाओरडा होतो.
मग त्यानेच उठून नळ बंद केला.

ऐतिहासिक पाटी: आहे.
माध्यम: पत्रा.
बसवणाऱ्याचा हुद्दा: भाडेकरू.
कचेरीतून हा अर्ज परत येणार, मला माहीत आहे.
वर तांबड्या शाईत प्रश्नचिन्ह असेल.
म्हणून मी दोन प्रती भरल्या,
आणि तिसरी त्याला दिली. त्याने ती दुमडून
गॅसच्या पावत्यांच्या डब्यात ठेवली,
तीही वर्षाप्रमाणे लावलेली.

उतरताना पाळणा बंद होता. दोर तपासताहेत म्हणे.
जिन्याने निघाले. एकशेचाळीसपर्यंत पायऱ्या मोजल्या,
मग कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून कांद्याचा वास आला
आणि आकडा सुटला.
कुत्रा पुढे गेला होता.
प्रत्येक वळणावर थांबून बघत होता,
ही बाई इथलीच आहे ना.